गर्दीतून एकाला थांबवणारा माणूस

सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या किनाऱ्यावर रोज हजारो माणसं बोटीतून उतरत होती. बाकीच्यांना त्यात नुसता लोंढा दिसत होता. एका शाळेतल्या सरांनी मात्र तिथे ट्रायपॉड लावला आणि एकेकाचा फोटो काढला. लुईस हाइन या फोटोग्राफरची ही गोष्ट.

सेकंड इयरला असताना आम्हाला फोटो जर्नालिझमची एक असाइनमेंट होती. विषय होता 'शहर आणि स्थलांतर'. मी पहाटे पाचला स्टेशनवर जाऊन उभी राहिले. उत्तरेकडची गाडी आली. जनरल डब्यातून माणसं उतरायला लागली. पत्र्याच्या ट्रंका, गोण्या, झोपेतून उठवलेली लहान मुलं. मी फोनवर चाळीसेक फोटो काढले आणि त्यातला एक जमून गेला. खांद्यावर बॅग घेतलेला एक मुलगा वर इंडिकेटरकडे बघतोय. घरी येऊन फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला, कॉन्ट्रास्ट वाढवला आणि खाली कॅप्शन टाकली : स्वप्नांच्या शहरात. इन्स्टावर लाइक्सचा पाऊस पडला.

वर्गात प्रोजेक्टरवर फोटो लागला तेव्हा मॅडमनी एवढंच विचारलं, की याचं नाव काय? कुठून आलाय? मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मुलगा साधारण माझ्याच वयाचा होता. मी त्याचा फोटो काढला, हे त्याला आजही माहीत नसेल. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एक नाव लिहिलं आणि म्हणाल्या, याचं काम बघून ये, मग बोलू.

ते नाव होतं लुईस हाइन.

चार डॉलरवाला पोरगा

लुईस विक्स हाइनचा जन्म २६ सप्टेंबर १८७४ चा. गाव ओशकोश, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं. घरची परिस्थिती बेताची. वडिलांचं खाण्यापिण्याचं छोटं दुकान होतं. १८९२ मध्ये एका अपघातात वडील गेले. लुईस तेव्हा नुकताच शाळेतून बाहेर पडला होता. घर चालवायचं म्हणून तो फर्निचरच्या कारखान्यात लागला. दिवसाचे तेरा तास, आठवड्याचे सहा दिवस काम आणि आठवड्याला पगार चार डॉलर.

पुढे मंदी आली आणि तेही काम सुटलं. मग मिळेल ते काम त्याने केलं. लाकडं फोडली, दुकानाचा माल घरपोच केला, दारोदार फिरून पाण्याचे फिल्टर विकले, बँकेत झाडलोट केली. आज आपण ज्याला 'स्ट्रगल' म्हणतो तसला हा प्रकार होता, फक्त त्यावर पोस्ट टाकायची सोय नव्हती. हे सगळं करता करता जमेल तसं तो शिकत राहिला. गावातल्या शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात फ्रँक मॅनी नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी या पोराला हेरलं आणि शिक्षक हो म्हणून पाठीस लागले. थोडे दिवस शिकागो विद्यापीठात काढून १९०१ मध्ये हाइन न्यूयॉर्कला पोचला. मॅनी तिथल्या एथिकल कल्चर स्कूलचे प्रमुख झाले होते. फेलिक्स ॲडलर यांनी मुळात कामगारांच्या मुलांसाठी सुरू केलेली ही शाळा. हाइन तिथे निसर्ग अभ्यास आणि भूगोल शिकवायला लागला.

आता गंमत बघा. हाइनने फोटोग्राफी कुठेही शिकलेली नव्हती. शाळेच्या कार्यक्रमांचे फोटो काढायला कुणीतरी हवं होतं. मॅनींनी कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि तूच काढ म्हणाले. हाइन तेव्हा तिशीला टेकला होता. म्हणजे बाविसाव्या वर्षी 'करिअर सेट झालं नाही' म्हणून टेन्शन घेणाऱ्या आपल्यासारख्यांना यात थोडा दिलासा आहे!

बेटावरची रांग

न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाचं छोटंसं बेट आहे, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शेजारीच. १८९२ पासून १९५४ पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख माणसं या बेटावरून अमेरिकेत शिरली. बोटीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या प्रवाशांची तपासणी बोटीवरच उरकायची. तळातल्या स्वस्त डेकवरून आलेल्यांना मात्र बेटावर उतरावं लागायचं. सामानासकट जिना चढायचा, आणि तो चढताना कोण धापा टाकतंय, कोण लंगडतंय यावर डॉक्टरांचं लक्ष. ज्याच्यावर संशय त्याच्या कोटावर खडूने खूण. डोळ्यांचा आजार आहे का बघायला पापणी उलटी करायचे. मग मोठ्या हॉलमध्ये बाकांवर वाट बघायची आणि शेवटी इन्स्पेक्टरसमोर प्रश्नांची उत्तरं द्यायची. नाव, गाव, काम काय करता, खिशात पैसे किती, पुढे कुणाकडे जाणार. बहुतेकांना परवानगी मिळायची. शंभरातल्या साधारण दोघांना परत पाठवलं जायचं.

१९०७ हे सगळ्यात गर्दीचं वर्ष. त्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त माणसं या बेटावरून गेली. ही माणसं इटली, रशिया, पोलंड, हंगेरी, ग्रीस अशा ठिकाणांहून आलेली. त्यात रशियातल्या हल्ल्यांपासून पळालेले ज्यू होते, दुष्काळी गावातले शेतमजूर होते. आधीपासून अमेरिकेत स्थायिक झालेल्या मंडळींना ही नवी माणसं नको होती. ही गलिच्छ आहेत, गुन्हेगार आहेत, आपल्या नोकऱ्या खातात, आपली भाषा बोलत नाहीत. ही वाक्यं ओळखीची वाटतात ना? जगात कुठेही, कुठल्याही काळात बाहेरून आलेल्यांबद्दल हीच चार वाक्यं बोलली जातात.

मॅनींना हे खटकत होतं. ज्या अमेरिकनांना आपले पूर्वज १६२० मध्ये बोटीतून आल्याचा एवढा अभिमान, त्यांनी आज बोटीतून येणाऱ्यांना तुच्छ का मानावं? शाळेतल्या मुलांनी या नव्या लोकांकडे त्याच आदराने बघावं, असं त्यांना वाटत होतं. म्हणून १९०४ मध्ये त्यांनी हाइनला बेटावर नेलं. कॅमेऱ्याचं सामान उचलायला ते स्वतः सोबत जायचे. म्हणजे जगातल्या गाजलेल्या पोर्ट्रेट मालिकांपैकी एक मुळात शाळेच्या प्रोजेक्टमधून सुरू झाली.

एक फोटो, एकच चान्स

आज आपण एका मिनिटात पन्नास फोटो काढतो. हाइन एक फोटो कसा काढायचा ते बघा.

त्याच्याकडे पाच बाय सात इंची काचेच्या प्लेटवर फोटो घेणारा पेटीसारखा कॅमेरा होता, आणि डुगडुगणारा ट्रायपॉड. हॉलमध्ये माणसं खांद्याला खांदा लावून उभी. कुणालाही थांबायला वेळ नाही, कारण प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार : आपल्याला आत सोडतील का? अशा धक्काबुक्कीत हाइन एखादा चेहरा निवडायचा. त्या माणसाची भाषा याला येत नाही, याची त्याला येत नाही. मग सगळं हातवाऱ्यांनी. इथे उभे राहा, इकडे बघा, जरा थांबा. तेवढ्यात फोकस लावायचा, प्लेट आत सरकवायची, एका तव्यासारख्या पत्र्यावर मॅग्नेशियमची पावडर ओतायची आणि तो पत्रा एका हाताने उंच धरायचा. मग पावडर पेटवायची. धडाम असा आवाज, डोळे दिपवणारा उजेड, वर ठिणग्या आणि सगळीकडे पांढरा धूर. लोक दचकून डोळे मिटून घ्यायचे. धुरामुळे लगेच दुसरा फोटो काढणं शक्यच नसायचं. आलेला फोटो बरा असला तर नशीब.

हे वाचल्यावर मी त्याचे एलिस आयलंडचे फोटो पुन्हा बघितले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. या फोटोंमधल्या माणसांना आपला फोटो निघतोय हे माहीत आहे. ती थांबली आहेत. त्यांनी त्या अनोळखी माणसाला दोन मिनिटं दिली आहेत. माझ्या स्टेशनवरच्या फोटोत नेमकं हेच नव्हतं.

१९०५ मधला एक फोटो आहे, रशियातून आलेल्या एका तरुण ज्यू मुलीचा. मागचा हॉल धूसर झालाय आणि उरलाय तो फक्त तिचा चेहरा. थकलेला आहे, पण बिचारा नाही. दुसरा एका इटालियन कुटुंबाचा, त्यांचं सामान हरवलंय. आई आणि मुलं बावरून इकडेतिकडे बघताहेत. एस. टी. स्टँडवर बॅग सापडत नसली की आपल्या आईचा चेहरा होतो, अगदी तसाच. तिसऱ्यात माणसं गाठोडी आणि पेट्या घेऊन जिना चढताहेत. त्याचं नाव 'अमेरिकेत चढताना'. आणखी एकात बाळाला कुशीत घेतलेली आई आहे. हाइनने तिला मॅडोना म्हटलं. युरोपातल्या चर्चमध्ये मेरी आणि बाळ येशूची चित्रं असतात, त्या चित्रांचा मान त्याने एका निर्वासित बाईला दिला. चर्चमध्ये जाणाऱ्या अमेरिकन वाचकाला ही खूण लगेच कळत होती.

त्याच्या थोडं आधी न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाचा पत्रकार गाजला होता. तो स्वतः डेन्मार्कहून आलेला. गरीब वस्त्यांमधली भयानक स्थिती त्याने १८९० मध्ये पुस्तकातून जगासमोर आणली. त्याचं काम मोठंच आहे, त्यामुळे वस्त्या सुधारल्या. पण तो रात्री अंधाऱ्या खोल्यांमध्ये शिरायचा आणि एकदम फ्लॅश उडवायचा. झोपेतून दचकलेली, भेदरलेली माणसं त्याच्या फोटोत दिसतात. हाइनचा फ्लॅशही दचकवणारा होता. फरक एवढाच, की तो उडण्याआधी समोरच्याची परवानगी घेतलेली असायची.

तरीही एक गोष्ट मला खटकते. एलिस आयलंडच्या बहुतेक फोटोंखाली नाव नाही. रशियन ज्यू तरुणी, इटालियन कुटुंब, अल्बानियन बाई. देश, धर्म, साल एवढंच. भाषेची अडचण होती, वेळ नव्हता, हे सगळं खरं. पण गर्दीतून बाहेर काढलेला चेहरा लेबलपाशी येऊन पुन्हा थोडा गर्दीत गेलाच. हाइनला स्वतःला हे जाणवलं की नाही, कुणास ठाऊक. पुढच्या कामात मात्र त्याने नावं लिहायला सुरुवात केली. कारण वेगळं होतं, पण लिहिली.

पिट्सबर्गची भट्टी, खोलीतली फुलं

बेटावरून सुटलेली माणसं पुढे कुठे गेली? हाइन त्यांच्या मागे गेला, असं म्हटलं तरी चालेल. न्यूयॉर्कच्या कोंदट चाळवजा इमारतींमध्ये त्याने इटालियन कुटुंबं टिपली. एका टेबलाभोवती आई, आजी आणि चार-पाच मुलं बसून कागदा-कापडाची फुलं बनवताहेत, रात्री उशिरापर्यंत. अशी ढीगभर फुलं केल्यावर हातात पडायचे काही सेंट.

१९०७-०८ मध्ये पिट्सबर्ग या पोलादाच्या शहराची मोठी सामाजिक पाहणी झाली. पॉल केलॉग हे त्याचे प्रमुख. अभ्यासक आकडे गोळा करत होते आणि हाइन चेहरे. पूर्व युरोपातून आलेले कामगार भट्टीसमोर बारा-बारा तास राबत होते. तिथले बाकीचे लोक त्यांना सरसकट एकाच तुच्छ नावाने हाक मारायचे. हाइनने त्यांना एकेकटं उभं केलं, सरळ कॅमेऱ्याकडे बघायला लावलं. जोसेफ स्टेला हा इटलीहून आलेला चित्रकारही त्याच पाहणीसाठी याच कामगारांची रेखाटनं करत होता. आकड्यांच्या रिपोर्टसोबत पोर्ट्रेट छापायची, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

दरम्यान हाइनचं शाळेतलं कामही चालूच होतं. त्याने शाळेत कॅमेरा क्लब काढला. क्लबच्या मुलांना घेऊन तो एकदा अल्फ्रेड स्टीगलिट्झच्या प्रसिद्ध गॅलरीत गेला. त्या मुलांमध्ये पॉल स्ट्रँड होता, जो पुढे जगप्रसिद्ध फोटोग्राफर झाला. पण १९०८ मध्ये हाइनने मास्तरकी सोडली. अमेरिकेत बालमजुरीविरुद्ध काम करणारी राष्ट्रीय समिती १९०४ मध्ये स्थापन झाली होती. तिने त्याला पूर्णवेळ फोटोग्राफर म्हणून घेतलं.

खोटं सांगून काढलेले खरे फोटो

पुढची जवळजवळ दहा वर्षं तो अमेरिकाभर फिरला. कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, शेतं, रात्रीचे रस्ते. कारखान्याचे मालक अशा माणसाला आत कशाला घेतील? मग हाइन कधी फायर इन्स्पेक्टर व्हायचा, कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डवाला, तर कधी मशिनचे फोटो काढायला आलेला कंपनीचा फोटोग्राफर. मशिनचा फोटो काढताना शेजारी उभी असलेली मुलगी फ्रेममध्ये आली तर त्याचा काय दोष! तिची उंची मोजायला तो आपल्या जॅकेटची बटणं वापरायचा. कितव्या बटणापर्यंत डोकं येतं हे बघायचं की झालं. खिशात हात घालून आतल्या आत वहीत नोंद करायचा. नाव, वय, उंची, किती दिवस कामावर, पगार किती.

हे का? कारण त्याला पक्कं माहीत होतं, की मालक हे फोटो बनावट आहेत म्हणतील. फोटोला पुरावा बनवायचं तर खाली नाव, गाव आणि तारीख हवी. दक्षिण कॅरोलायनातल्या कापडगिरणीत १९०८ मध्ये काढलेल्या फोटोतल्या मुलीची उंची ४८ इंच आहे, हे आज आपल्याला माहीत आहे ते या नोंदींमुळे. तिच्या शेजारचं सूतकताईचं मशिन तिच्यापेक्षा उंच आणि नजर पोचणार नाही इतकं लांब आहे.

या मुलांमध्येही स्थलांतरितांची मुलं खूप होती. बाल्टिमोरमधल्या पोलिश कुटुंबांना कंत्राटदार हिवाळ्यात दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर न्यायचे, कालवं सोलायला. पहाटे अंधारात काम सुरू व्हायचं आणि पाच-सहा वर्षांची मुलंही आईशेजारी उभी राहायची. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बातम्या वाचल्या असतील तर हे चित्र डोळ्यांसमोर आणणं अवघड नाही. पेनसिल्व्हेनियात कोळशातले दगड वेचणाऱ्या मुलांचा १९११ चा फोटो तर तुम्ही नक्की कुठेतरी पाहिला असेल. काळेठिक्कर चेहरे आणि त्यात फक्त डोळे चमकताहेत.

आमच्या वर्गात यावर चांगलीच जुंपली होती. खोटी ओळख सांगून आत शिरणं बरोबर का? स्टिंग ऑपरेशनचाच प्रश्न हा. माझी मैत्रीण म्हणाली, पत्रकाराने खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. मला वाटतं, हाइन मालकाशी खोटं बोलला, पण फोटोतल्या मुलाबद्दल त्याने काही खोटं लिहिलं नाही. उलट त्या नोंदी तपासता याव्यात अशीच सगळी व्यवस्था केली. तुमचं मत वेगळं असू शकतं.

भिंतीवर लावलेली माणसं

फोटो काढून कपाटात ठेवायचे, हे हाइनला मान्यच नव्हतं. ते लोकांच्या नजरेसमोर यायला हवेत, म्हणून त्याने प्रदर्शनाच्या फलकांचं काम अंगावर घेतलं. मोठ्या बोर्डावर फोटो, शेजारी मोठ्या अक्षरांत दोन ओळी, खाली आकडे. हे फलक परिषदांमध्ये आणि मोठ्या प्रदर्शनांमध्ये लागायचे. तो स्वतः काचेच्या स्लाइड दाखवून भाषणं द्यायचा. १९०९ मध्ये समाजसेवी संस्थांच्या परिषदेत त्याने फोटोग्राफीने समाज कसा बदलता येईल यावर भाषण केलं होतं. पोस्टर, मासिकं, पत्रकं, सगळीकडे त्याचे फोटो वापरले गेले. गॅलरीत जाणाऱ्या थोड्या लोकांसाठी त्याने हे केलं नव्हतं. ज्यांनी कधी गिरणी आतून पाहिली नाही, पण मत द्यायचा हक्क ज्यांना आहे, त्यांच्यासाठी हे होतं.

याचा परिणाम झाला का? झाला, पण हळूहळू. १९१२ मध्ये सरकारने मुलांसाठी वेगळा विभाग काढला. १९१६ मध्ये बालमजुरीविरोधी कायदा आला. १९१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. टिकणारा राष्ट्रीय कायदा यायला १९३८ उजाडलं. हाइनचे पहिले फोटो आणि हा कायदा यांत तीस वर्षांचं अंतर आहे. एक पोस्ट व्हायरल झाली की जग बदलेल असं वाटणाऱ्या आपल्या पिढीने हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

स्थलांतरितांच्या बाबतीत तर उलटंच झालं. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग बंदीच्या यादीत टाकला आणि त्यात आपला भारतही होता. १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक कोटा लावला. म्हणजे हाइनने ज्यांचे चेहरे इतक्या जीव लावून टिपले, त्यांच्याच भाऊबंदांसाठी दार बंद झालं. १९२६ मध्ये तो पुन्हा कॅमेरा घेऊन बेटावर गेला. पूर्वीची ती रेटारेटी तिथे राहिली नव्हती.

ढगांमधले कामगार

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी हाइन रेड क्रॉसबरोबर युरोपात गेला. फ्रान्स, इटली, बाल्कन देश, ग्रीस इथले युद्धाने बेघर झालेले लोक त्याने टिपले. परत आल्यावर त्याने ठरवलं, की आता माणसाच्या दुःखाबरोबर त्याच्या कामातली शानही दाखवायची. १९२० मधला त्याचा एक फोटो खूप प्रसिद्ध आहे. भल्यामोठ्या यंत्रावर पाना फिरवणारा पिळदार अंगाचा मेकॅनिक.

१९३० मध्ये त्याला मोठं काम मिळालं. न्यूयॉर्कमध्ये १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहत होती. पंचावन्न वर्षांचा हाइन कामगारांबरोबर लोखंडी तुळयांवर चढला. शेवटच्या टप्प्यात तर त्याला पाळण्यात बसवून इमारतीच्या बाहेर, हवेत लटकवण्यात आलं. खाली फिफ्थ ॲव्हेन्यू, वर आकाश आणि हातात कॅमेरा. तुळया जोडणाऱ्या कामगारांमध्ये आयरिश होते, स्कँडिनेव्हियन होते, मोहॉक आदिवासी होते. सगळ्या जगाने कौतुक केलेली ती इमारत कुणी बांधली, हे आपण आज त्याच्या फोटोंमुळे सांगू शकतो. या फोटोंचं पुस्तक १९३२ मध्ये निघालं. ते त्याने मुलांसाठी काढलं. मास्तर शेवटपर्यंत मास्तरच राहिला.

आणि मग कुणी बोलावलंच नाही

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण मंदीच्या काळात सरकारने देशाचं चित्रण करायला फोटोग्राफरांची मोठी टीम उभी केली, तेव्हा तिच्यात हाइनला घेतलं नाही. इतर सरकारी कामं तुकड्या-तुकड्याने मिळत राहिली, मग तीही कमी झाली. त्याने फेलोशिपसाठी अर्ज केले. एका अर्जाचा विषय अमेरिकेत आलेले वेगवेगळे समाज हाच होता. अर्ज नामंजूर झाले.

१९३८ मध्ये बेरेनीस ॲबट ही फोटोग्राफर आणि एलिझाबेथ मकॉसलंड ही समीक्षक त्याच्या घरी पोचल्या. त्यांच्या खटपटीने १९३९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड म्युझियममध्ये त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरलं. वाहवा झाली, कामं मात्र मिळाली नाहीत. हप्ते थकले आणि घर हातातून गेलं. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्याची बायको सारा गेली. गरिबांसाठी सरकारी मदत उभी राहावी म्हणून ज्याने फोटो काढले, तो स्वतः त्या मदतीच्या रांगेत उभा राहिला. नोव्हेंबर १९४० मध्ये एका ऑपरेशननंतर हाइन वारला. वय ६६.

नंतर त्याच्या मुलाने निगेटिव्ह 'फोटो लीग' या फोटोग्राफरांच्या संघटनेकडे दिल्या. लीग बंद पडल्यावर त्या न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला देऊ केल्या होत्या. त्यांनी घेतल्या नाहीत. शेवटी रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाऊसने सांभाळल्या. आज त्याच फोटोंशिवाय एलिस आयलंडचा इतिहास सांगता येत नाही. १९९० मध्ये त्या बेटावर स्थलांतराचं म्युझियम सुरू झालं. ज्या हॉलमध्ये हाइन धुरात उभा राहायचा, तिथे आता पर्यटक फिरतात. २०१३ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने कामगारांवर तिकिटं काढली, त्यातही त्याचे फोटो होते. बालमजुरीचे पाच हजारांहून जास्त फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत आणि ते कुणालाही ऑनलाइन फुकट बघता येतात. फोटो बघाल तेव्हा त्याखालच्या नोंदी आवर्जून वाचा. खरा हाइन तिथे भेटतो.

स्टेशनवरचा तो फोटो मी इन्स्टावरून काढून टाकला. फोनमध्ये अजून आहे. कधीतरी उघडते. मुलगा वर इंडिकेटरकडे बघतोय आणि आता मला वाटतं, त्याला फक्त पुढची लोकल कुठल्या प्लॅटफॉर्मवर येणार एवढंच बघायचं असेल. स्वप्नं वगैरे मी चिकटवली.

हल्ली मी आधी नाव विचारते, मग फोन बाहेर काढते. बऱ्याचदा गप्पाच इतक्या होतात, की फोटो राहून जातो.